तळे, ठराव आणि नगरपालिका

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गाला मी स्थानिक स्वराज्य संस्थांचा धडा शिकवीत होतो. नगरपालिकेची आवश्यक कर्तव्ये कोणती, ऐच्छिक कर्तव्ये कोणती, अध्यक्ष कसा निवडतात, हा सगळा कोरडा मजकूर फळ्यावर उतरवून झाल्यावर मुलांना जरा जाग यावी म्हणून मी महाडचे उदाहरण दिले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला होता आणि १९२७ साली बाबासाहेबांना त्याच तळ्याचे पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला, असे सांगितले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, तळं नगरपालिकेचं. नगरपालिकेनं हो म्हटलं होतं. मग अडवलं कोणी, आणि कोणत्या अधिकारानं?"

मी तेव्हा त्याला जे उत्तर दिले ते पुस्तकी होते. सवर्णांनी अडवले, रूढीच्या अधिकाराने अडवले. मुलगा बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते. खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. त्याचा प्रश्न नगरपालिकेच्या अधिकाराविषयी होता आणि मी उत्तर दिले होते समाजाविषयी. हा लेख त्या मुलाच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

महाडच्या लढ्याचा इतिहास आपण बहुधा तळ्याच्या काठावरून पाहतो. २० मार्च १९२७ ची ती मिरवणूक, ओंजळीत घेतलेले पाणी, वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य घुसणार अशी उठवलेली हूल, परतणाऱ्या लोकांवर पडलेल्या काठ्या, नंतर तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून केलेली 'शुद्धी', आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला झालेले मनुस्मृतीचे दहन. हे सारे आपल्या रक्तात भिनलेले आहे आणि ते तसेच असले पाहिजे. पण या कथेत एक पात्र असे आहे की ज्याच्याकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही. ते पात्र म्हणजे महाडची नगरपालिका. ती कधी ठराव करते, कधी ठराव मागे घेते, आणि प्रत्यक्ष भांडण कोर्टात उभे राहते तेव्हा ती तेथे पक्षकार म्हणून नसतेच. तळ्याची कायदेशीर मालकीण गैरहजर आणि तिच्या तळ्यावरून दहा वर्षे खटला चालू, असा हा प्रकार आहे.

आधी ठराव कसा आला ते पाहू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा राखलेली, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावेत, अशी ती शिफारस होती. 'कायद्याने निर्माण झालेल्या संस्था' हे शब्द महत्त्वाचे आहेत. बोले यांनी नेमके बोट नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांच्यावर ठेवले होते. विहिरी आणि तळी त्यांच्या ताब्यात होती आणि त्यांच्या तिजोरीत जाणारा पैसा सगळ्यांचा होता.

परंतु कायदेमंडळाचा ठराव हा कायदा नव्हे. ती सरकारला केलेली शिफारस. सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी तिच्यावर जो हुकूम काढला त्यात दोन स्वर आहेत. सरकारच्या स्वतःच्या खात्यांना सांगितले की ठरावाची अंमलबजावणी करा. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र कलेक्टरांना एवढेच सांगितले की, ही शिफारस स्वीकारणे इष्ट आहे काय याचा विचार करावा असा सल्ला या संस्थांना द्यावा. सल्ला, आणि तोही विचार करण्याचा! इंग्रजी राज्याची सामाजिक सुधारणेबाबतची सगळी नीती या एका वाक्यरचनेत सापडते. कर वसूल करायचा असला की हुकूम, आणि माणसाला पाणी द्यायचे असले की सल्ला.

हा सल्ला ज्या थोड्या संस्थांनी मनावर घेतला त्यांत महाड होती. सुरेंद्रनाथ टिपणीस हे नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपल्या हद्दीतील तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे ही मंडळी जन्माने अस्पृश्य नव्हती. पण पुढे सत्याग्रहातही ती रामचंद्र बाबाजी मोरे आणि इतर कार्यकर्त्यांच्या बरोबरीने उभी राहिली, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. तेव्हा या ठरावामागचा हेतू लटका होता असे म्हणता येत नाही.

मग पाणी का मिळाले नाही? कारण ठराव कागदावर होता आणि तळ्याचे घाट सवर्णांच्या दारात होते. पुढे उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात तळ्याचे जे वर्णन आले ते वाचण्यासारखे आहे. चार-पाच एकरांचे ते तळे, चोहोबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्णांची आणि थोड्या मुसलमानांची घरे, आणि जवळपास कोठेही अस्पृश्यांचे घर नाही. म्हणजे माणसाने पाण्यापर्यंत जायचे तर रस्ता नगरपालिकेचा, तळे नगरपालिकेचे, पण चालताना नजर सवर्णांच्या ओट्यांची. बाजारासाठी, कचेरीच्या कामासाठी आसपासच्या खेड्यांतून महाडला येणारा महार या रस्त्यांवरून जाऊ शकत होता. पाण्याला हात लावू शकत नव्हता. मार्चमधील परिषदेच्या वेळी प्रतिनिधींना लागणारे पाणी सवर्णांकडून चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ज्या गावच्या नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी तळे खुले केले होते, त्या गावात!

नगरपालिकेपाशी ठराव अंमलात आणण्याची साधने नव्हती असेही नाही. तिच्यापाशी शिपाई होते, आपल्या जागेवर फलक लावण्याचा, अडथळा करणाऱ्यावर फिर्याद करण्याचा अधिकार होता. तळ्यावर एक पाटी, दोन शिपाई आणि पहिल्या दिवशी अध्यक्षांनी स्वतः उभे राहणे एवढे झाले असते तर १९२७ चा इतिहास वेगळा झाला असता काय, हे सांगता येत नाही. पण ते झाले नाही. बोले यांनाही हे कळून चुकले होते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी कायदेमंडळात दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करण्यास नकार देतील त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. तीन वर्षांत बोले सल्ल्यावरून अनुदानापर्यंत आले. ज्या संस्थेला विवेक ऐकू येत नाही तिला तिजोरी ऐकू येईल, असा हा सरळ हिशेब होता.

येथे थोडे मागे जाऊन नगरपालिका ही काय चीज आहे ते पाहणे भाग आहे. नगरपालिका स्वयंभू नसते. तिला जन्म देतो कायदा आणि तिचे अधिकारही तेवढेच, जेवढे त्या कायद्याने दिले. गावसभा किंवा जातपंचायत रूढीतून उभी राहते. नगरपालिका कलमांतून उभी राहते. मुंबई इलाख्यात १८५० च्या कायद्यापासून शहरांतून या संस्था उभ्या होऊ लागल्या, १८८२ साली लॉर्ड रिपनच्या ठरावाने त्यांना स्वराज्याची पहिली पायरी म्हणून गौरविले गेले, आणि महाडच्या वेळी जो कायदा लागू होता तो १९०१ चा मुंबई जिल्हा नगरपालिका कायदा. या कायद्याने हद्दीतील सार्वजनिक रस्ते, तळी, विहिरी वगैरे मालमत्ता नगरपालिकेकडे निहित केली. आणि नुसती निहित केली नाही. ही मालमत्ता नगरपालिकेने विश्वस्त म्हणून, कायद्याच्या हेतूंसाठी धारण करावी असे म्हटले.

विश्वस्त! माझ्या मते साऱ्या प्रकरणाची किल्ली या शब्दात आहे. मालक आपल्या विहिरीवर कोणाला येऊ द्यावे हे ठरवू शकतो. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो मालक म्हणून. त्यासाठी त्यांना कोणाच्या ठरावाची गरज नव्हती, फक्त छातीची गरज होती. (हेच जोतीराव पुढे १८७६ ते १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे आपल्यातले कित्येक जण विसरतात.) पण विश्वस्ताला असे स्वातंत्र्य नसते. ज्यांच्यासाठी मालमत्ता धरली आहे त्यांच्यातल्या एका वर्गाला तो वगळू शकत नाही. तेव्हा नगरपालिकेने १९२४ साली 'तळे खुले केले' असे म्हणणे हेच मुळात चुकीचे आहे. तळे कायद्याने आधीच खुले होते. तिने फक्त ते कबूल केले. आणि जे तिने दिलेच नव्हते ते तिला परत कसे घेता येईल?

पण तिने ते परत घेतले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होतात त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारखेचा हा योगायोग असेल. काळ मात्र योगायोगाचा नव्हता. मार्चमधील हल्ल्याबद्दल काही सवर्णांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झालेली होती, बहिष्कृत भारतातून बाबासाहेबांचा मारा चालू होता आणि दुसऱ्या सत्याग्रहाची भाषा सुरू झाली होती. सवर्णांना आता नगरपालिकेच्या परवानगीचा कागद दफ्तरात राहणे परवडणारे नव्हते.

एक नगरपालिका, एक तळे, एकच कायदा. तीन वर्षांत दोन परस्परविरोधी ठराव. मधे बदलले काय? कायदा बदलला नाही. बदलला तो गावातल्या मतदारांचा दाब. नगरपालिकेचा मतदार कोण होता? कर भरणारा, घरदार असलेला. ज्यांच्या तहानेविषयी ठराव होत होते त्यांना त्या सभागृहात आवाज नव्हता. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व आणि मताचा अधिकार मागितला होता. त्या मागणीचे महत्त्व ज्याला विलायती कायदेपंडितांच्या पुस्तकांतून कळत नसेल त्याने महाडचे हे दोन ठराव शेजारी ठेवून पाहावेत. सज्जन अध्यक्ष एक ठराव मिळवून देऊ शकतो. तो टिकवायला सभागृहात आपली माणसे लागतात.

यात सरकारचा भाग कोणता? नगरपालिकांवर देखरेख करण्याचे अधिकार कलेक्टर, कमिशनर आणि सरकार यांच्याकडे होते. नगरपालिकेच्या कृतीने लोकांना इजा पोहोचत असेल किंवा शांतताभंग होत असेल तर तिचा ठराव तहकूब करता येत होता. कर्तव्यात कसूर करणारी नगरपालिका बाजूला सारता येत होती. ४ ऑगस्टच्या ठरावाने हजारो माणसांना इजा पोहोचली नाही काय? पण हे अधिकार नगरपालिकेविरुद्ध बाहेर काढले गेले नाहीत. डिसेंबरात कलेक्टर महाडला आले ते सत्याग्रहींना समजवायला, की कोर्टाचा मनाईहुकूम मोडू नका.

हा मनाईहुकूम म्हणजे प्रकरणाचा पुढचा भाग. १२ डिसेंबर १९२७ रोजी नरहरी दामोदर वैद्य आणि इतर सवर्णांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी यांच्यावर दावा लावला. म्हणणे असे की, तळे आमचे आहे, ते वापरण्याचा हक्क फक्त आमचा आहे, आणि अस्पृश्यांना मनाई करावी. १४ तारखेला तात्पुरता मनाईहुकूम मिळालादेखील. दुसऱ्या सत्याग्रहासाठी जमलेल्या लोकांनी तळ्याचे पाणी घेतले नाही ते यामुळे. बाबासाहेबांनी न्यायालयाचा मान राखला आणि लढाई न्यायालयात नेली.

वाचकांनी येथे एक क्षण थांबावे. नगरपालिकेने ठराव रद्द केल्यावर सवर्णांना दावा लावण्याची गरजच काय होती? गरज होती, कारण ठराव रद्द करून नगरपालिकेने त्यांना काहीच दिले नव्हते. अस्पृश्यांना परवानगी देणारा कागद गेला. पण अस्पृश्यांना मनाई करणारा कायद्याचा आधार त्यातून निर्माण होत नव्हता. हे सवर्णांच्या वकिलांना आपल्यापेक्षा लवकर समजले होते असे दिसते. म्हणून त्यांनी नगरपालिकेला बाजूस ठेवले, आपणच मालक असल्याचा दावा केला, आणि तो टिकला नाही तर रूढीचा आसरा घेण्याची तजवीज केली. नगरपालिकेला ना वादी केले ना प्रतिवादी. तिला आणले असते तर तिला शपथेवर सांगावे लागले असते की तळे कोणाचे, आणि मग दाव्याचा पहिला खांब पहिल्याच दिवशी कोसळला असता.

मनाईहुकूम पुढच्या वर्षी उठला, पण दावा चालूच राहिला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने निकाल वादींच्या विरुद्ध दिला. ते ठाण्याला अपिलात गेले. ३० जानेवारी १९३३ रोजी तेथेही हरले. मग मुंबई उच्च न्यायालय. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी अपील फेटाळले. १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश ते हेच. इतिहासात एकाच माणसाच्या लेखणीतून कायकाय उतरते ते पाहण्यासारखे आहे.

उच्च न्यायालयात पोहोचेपर्यंत मालकीचा दावा वादींनी सोडून दिलेला होता. तळे नगरपालिकेकडे निहित आहे हे त्यांना मान्य करावे लागले. उरला तो एकच मुद्दा, रूढीचा. अनादी काळापासून हे तळे फक्त सवर्णच वापरीत आले, सबब अस्पृश्यांना वगळण्याचा हक्क त्यांना रूढीने मिळाला आहे, असा. न्यायालयापुढे रूढी सिद्ध करायची म्हणजे ती प्राचीन, निश्चित आणि अखंड असल्याचे दाखवावे लागते. तळे निदान अडीचशे वर्षांचे जुने, हे दोन्ही बाजूंना मान्य होते. पण साक्षीदार सांगणार ते आपल्या आणि फार तर बापाच्या आठवणीतले. अस्पृश्य तेथे येत नव्हते, एवढ्यावरून त्यांना वगळण्याचा हक्क होता असे सिद्ध होत नाही. तिन्ही न्यायालयांतून हाच निष्कर्ष निघाला: अनादी रूढी शाबीत झालेली नाही.

आम्ही जिंकलो. पण कशावर जिंकलो ते नीट पाहिले पाहिजे. माणसाला माणसाने पाण्यावरून हाकलणे हे अन्यायाचे आहे म्हणून आम्ही जिंकलो नाही. पुरावा कमी पडला म्हणून सवर्ण हरले. निकालपत्राच्या अखेरीस न्यायमूर्ती सांगतात की, वादींनी रूढी सिद्ध केली असती तर ती रूढी गैरवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे काय याचा विचार करण्याची वेळ कदाचित आली असती. तळे नगरपालिकेकडे निहित झाल्याचा कायदेशीर परिणाम काय होतो, आणि कायद्याने जी मालक ती पक्षकार नसताना वादींना काही दाद देता येते काय, याचा विचार तर करावाच लागला असता. पण तशी गरज उरली नसल्याने आम्ही त्यावर मत देत नाही.

माझ्या वर्गातल्या मुलाचा प्रश्न नेमका येथे अडकून पडलेला होता! कोणत्या अधिकाराने अडवले, आणि नगरपालिकेला अडवू देण्याचा अधिकार होता काय. १९२७ पासून १९३७ पर्यंत तीन न्यायालये चढून गेलेल्या खटल्यात या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहून गेले. न्यायालयाला दोष देण्यात अर्थ नाही. न्यायालये गरजेपुरतेच बोलतात. पण आमच्या चळवळीच्या दृष्टीने हा प्रश्न उघडा राहणे म्हणजे पुढच्या प्रत्येक गावात, प्रत्येक विहिरीवर, पुन्हा रूढीचे साक्षीदार उभे राहण्याची सोय राहणे होते.

रूढीवर नगरपालिका रागावत होत्या असे समजण्याचे कारण नाही. जेथे रूढी त्यांच्या सोयीची होती तेथे त्यांनी ती कायद्यात बसवूनही घेतली. पंजाबचा १९११ चा आणि संयुक्त प्रांताचा १९१६ चा नगरपालिका कायदा यांतील तरतुदींकडे बाबासाहेबांनी आपल्या लिखाणात लक्ष वेधले आहे. घरोघरचा मैला वंशपरंपरेने काढणाऱ्या माणसाचा तो 'हक्क' या कायद्यांनी मान्य केला, आणि त्याने काम नीट केले नाही तर त्याला दंड करण्याची वाटही ठेवली. पाण्याच्या वेळी तो परका. मैल्याच्या वेळी तो हक्कदार. शहर स्वच्छ ठेवणे हे नगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य, आणि ते पार पाडण्याचे बंधन मात्र एका जातीवर. मुंबईत १९३५ साली बाबासाहेबांनी म्युनिसिपल कामगार संघ उभा केला त्यामागे हाच अनुभव होता. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

उघड्या राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते अकरा-बारा वर्षांनी आणि वेगळ्याच सभागृहात. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना परिषदेत मूलभूत हक्कांच्या भागातील 'राज्य' या शब्दाच्या व्याख्येवर चर्चा चालू होती. या व्याख्येत स्थानिक संस्था कशाला घुसडल्या, असा आक्षेप होता. बाबासाहेबांनी उत्तर दिले त्याचा आशय असा: मूलभूत हक्क प्रत्येक नागरिकाला मागता आले पाहिजेत, आणि ज्या ज्या सत्तेला कायदा, नियम किंवा उपविधी करण्याचा अधिकार आहे त्या प्रत्येक सत्तेवर ते बंधनकारक असले पाहिजेत. केंद्र आणि प्रांत यांच्यावर तर खरेच, पण जिल्हा लोकल बोर्ड, नगरपालिका, तालुका बोर्ड, अगदी ग्रामपंचायतीवरसुद्धा.

हे भाषण मी अनेकदा वाचले आहे. त्यात महाडचे नाव नाही. पण ज्या माणसाने नगरपालिकेचा एक ठराव होताना आणि मोडताना पाहिला, जिच्या तळ्यासाठी दहा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढल्या आणि जी स्वतः कधी त्या कोर्टात आली नाही, तो माणूस नगरपालिकेला 'राज्य' या शब्दाच्या आत बसवल्याशिवाय कसा राहील? घटनेच्या १२ व्या कलमात स्थानिक प्राधिकरणे आली. १५ व्या कलमाच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा आल्या. राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या, अथवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी दिलेल्या. बोले यांच्या १९२३ च्या ठरावाची भाषा येथे ओळखू येते. फरक एवढाच की, त्या वेळी ती शिफारस होती आणि आता ती घटना आहे. १७ व्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट झाली, आणि १९५५ च्या कायद्याने (१९७६ पासून त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा) पाणवठ्यावरून हाकलणे हा गुन्हा ठरला. ज्याला महाडच्या कोर्टात रूढी म्हणून हक्क मागितला जात होता, त्यालाच आता शिक्षा आहे.

नगरपालिकेचे अधिकार पुढे वाढतच गेले. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अंमलात आली, नगरपालिकांना घटनेत स्वतंत्र प्रकरण मिळाले, बाराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी अठरा विषय लिहिले गेले, त्यांत पाणीपुरवठाही आहे, आणि सभागृहात अनुसूचित जाती-जमाती व स्त्रिया यांच्या जागा राखीव झाल्या. १९२७ साली ज्या सभागृहात आमचा आवाज नव्हता तेथे तो पोहोचला.

आणि तरीही पाण्याचा प्रश्न नव्या कपड्यांत उभा राहिलाच. आता जात विचारीत नाहीत, तारीख विचारतात. महाराष्ट्र सरकारने १९९६ साली काढलेल्या परिपत्रकाने १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपड्यांना पाणी देण्यास मनाई केली होती. या झोपड्यांत कोण राहतो हे आपणा वाचकांना सांगायला नको. रस्ता महानगरपालिकेचा, नळ महानगरपालिकेचा, आणि 'अनधिकृत' हा एक शब्द घाटावर पहाऱ्याला उभा. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ रोजी निर्णय दिला की, पाण्याचा हक्क हा २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि झोपडी बेकायदा असली तरी त्यात राहणाऱ्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. महानगरपालिकेने त्यासाठी धोरण आखावे. येथे महानगरपालिका न्यायालयात हजर होती. तिला उत्तर द्यावे लागले.

मी राहतो त्या गावच्या नगरपालिकेचे नाव घेत नाही. घेण्याचे कारणही नाही, अशा पुष्कळ आहेत. आमच्या वस्तीला सार्वजनिक नळ द्यावा असा ठराव तिच्या सभेने केला त्याला काही वर्षे झाली. ठरावाची नक्कल मिळवली. कचेरीत गेलो की सांगत, ठराव आहे, पण निधी नाही. निधी आला की सांगत, निधी आहे, पण जागेच्या उताऱ्याचा वाद आहे. वाद कोणाचा, तर शेजारच्या सोसायटीचा. नळासमोर गर्दी होईल आणि घाण होईल असे त्यांचे लेखी म्हणणे होते. 'घाण' हा शब्द मी अर्जात दोनदा वाचला. मग एका सभेत तो ठराव 'पुनर्विचारार्थ' ठेवण्यात आला.

वस्तीत बैठक झाली. काहींचे म्हणणे पडले की सोसायटीवर दावा लावावा, कारण अडवते ती. तरुण पोरे तर सोसायटीच्या फाटकावर मोर्चा न्यायला निघाली होती. मी त्यांना महाडच्या खटल्याचे निकालपत्र वाचून दाखवले, विशेषतः त्याचा शेवटचा परिच्छेद, आणि तळ्याची मालकीण त्या खटल्यात कोठे होती ते विचारले. बराच वेळ चर्चा झाली. मसुदा लिहायला बसलो तेव्हा माझा तो जुना विद्यार्थी, आता वकिली करतो, कागद ओढून घेऊन म्हणाला, "सर, सोसायटी दोन नंबरला." आणि प्रतिवादी क्रमांक एक म्हणून त्याने नगरपालिकेचे नाव लिहिले.